मदत हवी आहे: बंद पडलेली सीव्हीटी (एक प्रकारचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) गाडी बेसमेंटमधून टोइंगसाठी वर कशी काढावी?

कोथरूडमधल्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये गाडी बंद आहे, वाकडच्या वर्कशॉपला न्यायची आहे. पेट्रोल, सीव्हीटी, फ्रंट व्हील ड्राइव्ह, इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. फ्यूज, रिले तपासले. बॅटरी 12.4 व्होल्ट, त्यामुळे न्यूट्रल पडतो आणि हँडब्रेकही सुटतो. जंप स्टार्ट सुचवू नका.

रस्त्यावर फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) घेणार, हे नक्की. पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढली तर इंजिन बंद असल्यामुळे ऑइल पंप फिरत नाही आणि गिअरबॉक्स कोरडा घासतो. अडचण आहे ती आधीच्या साठ-सत्तर मीटरची. बेसमेंटची उंची 2.1 मीटर, फ्लॅटबेड आत येत नाही. रॅम्प चढा, मध्ये काटकोनी वळण. क्रेनवाला म्हणतो, मागची चाकं उचलून नेतो. त्याला नाही म्हटलंय.

दोन पर्याय उरतात. एक, पुढच्या चाकांखाली डॉली (छोट्या चाकांची ट्रॉली) लावून वर ढकलणं. पण चढावर डॉली मागे घसरली तर अडवणार कशाने? दुसरा, टो हुक लावून वरून विंचने (दोरी गुंडाळत ओढणाऱ्या यंत्राने) ओढणं. यात वळणाच्या कोपऱ्यावर दोरी घासते, हुकवर तिरका ताण येतो. शिवाय इंजिन बंद, त्यामुळे दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक पेडल दगडासारखं होतं, स्टीअरिंगही जड. चाकामागे लाकडी ठोकळे घेऊन दोन माणसं चालतील, एवढी सोय आहे.

अशा वळणाच्या रॅम्पवरून कोणी सीव्हीटी गाडी काढली आहे का? वळणावर पुली लावून दोन टप्प्यांत विंचने ओढणं सुरक्षित, की डॉलीच बरी? आणि न्यूट्रलमध्ये चालण्याच्या वेगाने एवढं अंतर गिअरबॉक्सला चालेल का?