क्षयाचे सहा महिन्यांचे औषध आणि जंतूंच्या वाढीचा वेग

मूळ मत : सूक्ष्मजीवशास्त्राची प्राध्यापिका, परळ
मुंबईत क्षयरुग्णाला सहा महिने औषध चुकवू नका असे बजावले जाते, पण त्यामागचे कारण क्वचितच सांगितले जाते. आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुभंगतो, तर क्षयाच्या जंतूला त्यासाठी जवळपास एक दिवस लागतो. शिवाय तो टोकांकडून वाढत असल्याने एकाच पेशीच्या दोन लेकी सारख्या वेगाने वाढत नाहीत. २०१२ साली याच कुळातील मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवरील प्रयोगांत अशा पेशी औषधांनाही वेगवेगळी दाद देतात असे दिसले. २०१७ साली लॅम-ए हे जनुक काढून टाकल्यावर ही विषमता घटली आणि जंतू अधिक लवकर व एकसारखे मेले. आयसोनियाझिड हे क्षयाचे औषध पेशीभित्तिकेतील मायकोलिक आम्ल या मेदयुक्त घटकाची घडण रोखते, त्यामुळे त्याचा मारा मुख्यतः वाढत्या जंतूंवर होतो आणि मंद जंतू मागे उरतात. दुसऱ्या महिन्यात बरे वाटू लागलेल्या रुग्णाला हे कळलेच पाहिजे.

प्रतिसाद १ : छातीविकारतज्ज्ञ, गोवंडी
मी सहमत नाही. माझ्या अनेक रुग्णांच्या जंतूंत आरपीओ-बी जनुक बदललेले असते, म्हणून रिफाम्पिसिन हे क्षयाचे दुसरे मुख्य औषध त्यांना लागू पडत नाही. तेथे जंतू मंद की वेगवान हा प्रश्न गौण ठरतो. मंद जंतूंवर एवढा भर दिला, तर औषधाचा तुटवडा आणि प्रतिरोध चाचणीला (जंतू कोणत्या औषधांना दाद देत नाहीत हे पाहणाऱ्या तपासणीला) झालेला विलंब झाकला जातो व दोष रुग्णाच्या माथी येतो.

प्रतिसाद २ : संशोधक विद्यार्थी, कलिना
मंद म्हणून चिवट, हे समीकरणही अपुरे आहे. २०१३ साली स्मेग्मॅटिसच्याच एकेका पेशीवर लक्ष ठेवले असता, आयसोनियाझिडमधून वाचणे वाढीच्या वेगाशी जुळले नाही. हे औषध जंतूतील कॅट-जी या विकरामुळे (एन्झाइममुळे) कार्यक्षम होते, आणि ते विकर पेशीत अधूनमधूनच, लहरींनी तयार होत होते.

मूळ लेखिका
कॅट-जीचा मुद्दा आयसोनियाझिडपुरता मला मान्य आहे. तरीही जनुके तीच असताना पेशी वेगळ्या वागतात, हे त्यातूनही दिसतेच. डॉक्टरसाहेब, प्रतिरोध चाचणी सुरुवातीलाच व्हावी याबद्दल माझे दुमत नाही. परंतु ज्याच्या जंतूंना सर्व औषधे लागू पडतात, त्यालाही एका आठवड्यात मोकळे करता येत नाही, आणि ते का, याचे उत्तर आरपीओ-बी देत नाही.

प्रतिसाद १ : पुन्हा
एवढे मान्य. मात्र हे समजावून सांगताना प्रतिरोध चाचणीचा अहवाल रुग्णाच्या हाती असायला हवा, आणि पुढच्या महिन्याच्या गोळ्याही.