केनेडी जिंकले, पण पोर्तुगालचं धोरण बदललं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. फोंड्यात आमच्या वाचन मंडळात गोवा मुक्तीवर बोलायचं आहे आणि मी एका ठिकाणी अडले आहे.

१९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी संयुक्त निवेदनात पोर्तुगालच्या वसाहतींना ‘प्रांत’ म्हटलं, म्हणजे गोवाही जणू पोर्तुगालचाच भाग. केवढा संताप झाला होता भारतात! १९६० च्या निवडणुकीत केनेडी आले आणि मार्च १९६१ मध्ये अंगोला या आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतीच्या प्रश्नावर अमेरिकेनं सुरक्षा परिषदेत पोर्तुगालविरुद्ध मत दिलं. नाटोच्या संस्थापक सदस्याविरुद्ध! पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार मात्र नमले नाहीत. पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरचा लाजेस हवाई तळ अमेरिका वापरत होती; त्याचा करार १९६२ अखेर संपणार होता, तोच त्यांनी दबावासाठी वापरला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतानं गोव्यात सैन्य पाठवलं तेव्हा सुरक्षा परिषदेत अमेरिका भारताविरुद्धच्या ठरावामागे उभी राहिली. तो सोव्हिएत नकाराधिकारानं पडला.

मोठ्या देशात सत्ता बदलली की छोटा मित्रदेश धोरण बदलतो, की फक्त सौदा नव्यानं मांडतो? मला दुसरं जास्त पटतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर ट्रम्प यांनी ग्रीनलँडवर हक्क सांगितल्यानं डेन्मार्क या मित्रदेशाची झालेली कोंडी पाहून तर हा प्रश्न अजूनच छळतो.

लिस्बनच्या बाजूनं हा काळ मांडणारं मराठीत काही आहे का? पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयातले जुने पोर्तुगीज पेपर वाचायला कुणी सोबत याल का? ज्येष्ठांच्या आठवणीही हव्यात.