बाळाची लस आणि आजी-आजोबांचा न्यूमोनिया

"लस बाळाला टोचली तर आजोबांना काय फायदा?" असा प्रश्न अनेकांना पडतो, त्याबद्दल थोडं सांगतो. न्यूमोकॉकस हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू लहान मुलांच्या नाका-घशात बहुतेक वेळा काहीही त्रास न देता मुक्काम ठोकून असतो. नातवंडाचं शेंबडं नाक पुसणाऱ्या, त्याचे पापे घेणाऱ्या आजीपर्यंत तो तिथूनच पोचतो. बाळांना दिल्या जाणाऱ्या पीसीव्ही या न्यूमोकॉकसविरुद्धच्या लशीने हा नाकातला मुक्कामच कमी होतो. अमेरिकेत २००० साली या जिवाणूच्या सात प्रकारांविरुद्धची पीसीव्ही लस बाळांना सुरू झाली. २००७ पर्यंत त्या सात प्रकारांमुळे होणारे गंभीर आजार पासष्टीपुढच्या लोकांत सुमारे ९० टक्क्यांनी घटले. आणि या मंडळींना ती लस दिलेलीच नव्हती!

पण रिकाम्या जागी दुसरे प्रकार शिरतात. अमेरिकेत या लशीत नसलेला १९ए हा प्रकार वाढला, म्हणून २०१० मध्ये तेरा प्रकारांची लस आणावी लागली. त्यामुळे ज्येष्ठांनी, विशेषतः मधुमेह किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर, स्वतःच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारावंच.

आपल्याकडे २०२१ पासून पीसीव्ही देशभर मोफत मिळते, दीड महिना, साडेतीन महिने आणि नवव्या महिन्यात. हा नवव्या महिन्याचा डोस कृपया चुकवू नका. नाकातला जिवाणू हटवण्यात त्याचा वाटा मोठा आहे.