पुढची काच आतून सारखी धुरकट होतेय, उद्या पहाटे घाट उतरायचाय. मदत हवी आहे

घाटवाट (सायं. ५:४०)
पुसली की दोन मिनिटांत काचेवर परत वाफ धरते. एसी लावून पाहिला, हीटर लावून पाहिला, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो एसीचा गॅस भरा. उद्या पहाटे साडेचारला पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला निघायचंय, सोबत आईबाबा आणि दोन मुलं. आज रात्रीत होईल असं काही सांगा. बटाटा चोळा, शेव्हिंग फोम लावा, हे सगळं वाचून झालंय. ते नको.

स्पॅनर_१२ (५:५२)
गाडी कोणती, किती साली घेतलेली? वाफ आतून आहे हे नक्की का? एकदा वायपर फिरवा. वायपरने काच साफ झाली तर वाफ बाहेरून आहे आणि उपाय बरोबर उलटा. एसी लावलात तेव्हा हवा बाहेरची घेत होतात की आतलीच फिरवत होतात?

चक्रधर (५:५८)
गॅस भरू नका. एसीचा गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस परत जाणार. एसी दहा मिनिटं चालवा, बॉनेट उघडा, कंप्रेसरकडे येणारा जाड ॲल्युमिनियमचा पाइप हाताला गार आणि ओला लागला तर गॅस व्यवस्थित आहे.

पागोळी (६:०४)
सिलिका जेलची एक किलोची पिशवी डॅशबोर्डवर ठेवा. सगळ्यात सोपं. ओली झाली की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास ठेवायची, परत नवी.

मीनल_प (६:१५)
पागोळी, बंद उभ्या गाडीला ते चालेल, पाच माणसं बसलेल्या गाडीला नाही. नुसता बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला साधारण ४० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. पाच जणांचे २०० ग्रॅम. छोट्या गाडीत हवा जेमतेम ३ घनमीटर असते. २० अंशांना एका घनमीटरमध्ये सुमारे १७ ग्रॅमच बाष्प मावतं, म्हणजे अख्ख्या गाडीत पन्नासेक ग्रॅम. उरलेलं काचेवरच बसणार. एक किलो जेल फार तर पाव किलो पाणी धरेल, तेही सावकाश.
घाटवाट, हवा आतली फिरवायची की बाहेरची घ्यायची ते ठरवणारी डॅशबोर्डवरची पट्टी बाहेरच्या हवेवर ठेवा आणि एसी चालू. बाहेरची हवा पावसाळी असली तरी कूलिंग कॉइलवरून जाताना तिच्यातलं पाणी गळून पडतं, आत कोरडी हवा येते. नुसता हीटर लावला तर काच गरम होते, पण पाणी गाडीतच राहतं.

घाटवाट (६:३१)
आतूनच आहे, हाताने पुसली की जाते. २०१६ ची हॅचबॅक, कंपनीची सीएनजी, हाताने फिरवायचा एसी. एसी मस्त गार करतो. पट्टी कायम आतल्या हवेवर असते, बाहेरून धूळ आणि वास येतो म्हणून. आत्ता बाहेरची हवा लावून पाहिली. जरा बरं आहे, पण डावीकडची अर्धी काच अजून धरतेच.

वंगण (६:३८)
सीएनजी! तेच कारण आहे. सीएनजी जळताना पेट्रोलपेक्षा जास्त पाणी तयार होतं, सायलेन्सरमधून टपकताना दिसतं ना? पावसाळ्यात पेट्रोलवर चालवा.

चक्रधर (६:४४)
वंगणभाऊ, पाणी जास्त तयार होतं हे खरं, पण ते सायलेन्सरमधून बाहेर जातं. त्याचा आतल्या काचेशी संबंध नाही. एक्झॉस्टची वाफ आत येत असेल तर सोबत कार्बन मोनॉक्साइडही येतोय, मग काचेची काळजी करायची वेळच नाही. अशी माहिती देऊ नका.

वंगण (६:४९)
मी आत येतं असं कुठे म्हटलं? पाणी जास्त तयार होतं, एवढंच.

चक्रधर (६:५३)
तुम्ही 'तेच कारण' असं लिहिलंय.

टोरांटोकर (६:५५)
इकडे हिवाळ्यात काचेवर आतून चक्क बर्फ धरतो. कापडी मॅट काढून खोलगट रबरी मॅट घालायच्या आणि बुटांचा बर्फ झाडूनच आत बसायचं. बाहेर शून्याच्या खाली गेलं की बऱ्याच गाड्यांत कंप्रेसर लागतच नाही, त्यामुळे एसीवर विसंबता येत नाही. आतला बर्फ क्रेडिट कार्डाने खरवडू नका, मागची काच तापवणाऱ्या तारा तुटतात.

स्पॅनर_१२ (७:०२)
टोरांटोकर, पुण्यात आत्ता २३ अंश आहे :)
घाटवाट, 'डावीकडची अर्धी' हे महत्त्वाचं लिहिलंत. तीन प्रश्न. रात्रभर उभी गाडी सकाळी उघडता तेव्हा काचा आधीच ओल्या असतात का? कुबट वास येतो का? डावीकडचं मॅट उचलून खालच्या कारपेटवर टिश्यू दाबून बघा, ओला होतो का?

घाटवाट (७:१८)
हो, सकाळी सगळ्या काचा आतून ओल्या असतात, हे लिहायचं राहिलं. वास येतो. मॅटखालचं कारपेट चिंब आहे! मला वाटायचं छत्रीचं पाणी असेल. आता?

स्पॅनर_१२ (७:२९)
मग काचेचा प्रश्नच नाही, गाडीत पाणी साठलंय आणि तेच रोज वाफ होऊन काचेवर बसतंय. आधी टिश्यूवरचं पाणी बघा. चिकट, गोडसर वासाचं, हिरवट किंवा गुलाबी असेल तर हीटरची कॉइल गळतेय, ते कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) आहे, आणि उद्याचा प्रवास त्या गाडीने करू नका. चाखून बघू नका, विषारी असतं. बॉनेटखालच्या टाकीतली कूलंटची पातळीही पाहा, फक्त इंजिन गार असताना.
पाणी साधं असेल तर दोन जागा.
एक, एसीचा ड्रेन पाइप. एसी १५ मिनिटं चालवून गाडीखाली बघा, या हवेत चांगलं थारोळं व्हायला हवं. कोरडं असेल तर पाइप तुंबलाय आणि कॉइलचं पाणी मागे फिरून डाव्या पायाशी उतरतंय. बोटभर जाडीचा रबरी पाइप असतो, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत इंजिनमागच्या पत्र्यातून डाव्या बाजूला खाली आलेला.
दोन, वायपरखालची काळी जाळी. तिथे पानं साचली की पावसाचं पाणी ब्लोअरच्या (हवा आत ओढणाऱ्या पंख्याच्या) तोंडातून आत येतं. वरून मग्याने दोन लिटर पाणी ओता, दोन्ही बाजूंनी चाकामागून लगेच खाली यायला हवं.

वंगण (७:३५)
ड्रेन पाइपला टायरवाल्याकडची हवा मारा, एका फटक्यात मोकळा.

चक्रधर (७:४१)
अजिबात नको. त्या दाबाने पाइप आत एसीची कॉइल असते त्या डब्यापासून निसटतो आणि मग पाणी कायमचं कारपेटवरच पडतं. डॅशबोर्ड सोडवावा लागतो. खालून मऊ प्लॅस्टिकची वायर घाला, गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी उत्तम. चार-पाच इंचांपेक्षा आत नको, वर ॲल्युमिनियमची कॉइल आहे, तिला भोक पडलं तर गॅस जाईल.

मीनल_प (७:५०)
काचही नीट साफ करून घ्या. प्लॅस्टिकमधून उडणारं तेल आणि डॅशबोर्डचं पॉलिश यांचा थर काचेवर बसतो आणि वाफ त्यालाच आधी धरते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समसमान, एका मायक्रोफायबरने पुसा, दुसऱ्या कोरड्याने लगेच घासा. हाताने पुसणं बंद करा, हाताचं तेल लागतं. केबिन फिल्टर (आत येणारी हवा गाळणारा) बऱ्याच गाड्यांत ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो, काळा झाला असेल तर बदला. धूळ आणि वास त्यातूनही येत असतील.

घाटवाट (८:५५)
पाणी साधं होतं. जाळी स्वच्छ, दोन लिटर लगेच उतरलं. एसी चालवला तर खाली एक थेंब नाही. पाइपच्या तोंडाशी मातीचा घट्ट बूच होता, बहुतेक कुंभारमाशीचं घर. नायलॉनची दोरी घातली आणि दोनेक ग्लास घाण पाणी भसकन आलं. आता टपटप चालू आहे. स्पॅनर, चक्रधर, खूप आभार. कारपेट साडेचारपर्यंत कसं वाळवू?

स्पॅनर_१२ (९:०४)
पूर्ण वाळणार नाही. कारपेटखाली फोमचा जाड थर असतो, त्याला दोन-तीन दिवस लागतात. दारालगतची प्लॅस्टिकची पट्टी वर ओढून काढा, कारपेट उचला, फोमखाली जुने टॉवेल घालून त्यावर उभे राहा, भरले की बदला. ओलं ओढणारा व्हॅक्यूम कुणाकडे मिळाला तर अर्धं काम झालं. रात्रभर टॉवेल तिथेच राहू द्या. इंजिन चालवून वाळवायचं असेल तर उघड्यावर, बेसमेंटमध्ये नको.
उद्या एसी चालू, बाहेरची हवा, रोख पुढच्या काचेवर आणि पायाकडे, तापमान मधोमध. माणगावकडे उतरल्यावर हवा दमट आणि उबदार होईल, तेव्हा गार काचेवर बाहेरून वाफ धरेल. घाबरू नका. वायपर मारा, तापमान थोडं वाढवा, हवेचा रोख काचेवरून काढा. ढगात शिरलात तर दिवे लो बीमवरच.

पागोळी (९:१०)
ताम्हिणीत पहाटे थांबू नका, निजामपूरच्या पुढे नाष्टा करा.

घाटवाट (९:२२)
टॉवेल घातलेत. मागच्या काचेला तारा नाहीत, खालचं मॉडेल आहे. तिचं काय?

मीनल_प (९:३०)
तीही अल्कोहोलने पुसा. आत आलेली हवा मागच्या बंपरआडच्या झडपांतून बाहेर जाते, तिला वाट हवी. डिकीत बॅगा बाजूच्या पॅनलला चिकटवून कोंबू नका, चार बोटं जागा सोडा. आणि मागच्या दोन्ही काचा बोटभर उघड्या ठेवा, थोडं भिजलं तरी चालेल.