मोबदला द्यायचा, पण माहिती कोणी दिली हे कळू द्यायचे नाही: कसे जमवावे?

खानापूरकर (प्रश्न):
आमच्या मंडळाला जांबोटी-कणकुंबी रस्त्यावरील खड्ड्यांची नोंद करायची आहे. दुचाकीचे हादरे आणि ठिकाण मोबाइल आपोआप टिपतो. प्रत्येक फेरीमागे दहा रुपयांचे रिचार्ज द्यायचे ठरले आहे. अडचण अशी, की रिचार्ज म्हटले की नंबर आला, आणि नंबर आला की कोण कधी कुठे होता याची वहीच आमच्या हाती येते. नाव न विचारता पैसे दिले, तर एकच जण शंभर फेऱ्या दाखवील.

टिळकवाडी:
उपाय जुना आहे. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ साली ‘आंधळी सही’ मांडली. सभासद स्वतः निवडलेला आकडा कागदावर लिहून आतून कार्बन लावलेल्या पाकिटात घालतो. आपण वहीत त्याचे नाव पाहून पाकिटावर बाहेरूनच सही करतो आणि ती आतल्या कागदावर उमटते. पुढे तो कागद समोर आला, तर सही आपलीच हे कळते. पाकीट कोणाचे होते, ते कळत नाही. मोबाइलवर हेच गणिताने होते. असा सही उमटलेला आकडा म्हणजे एक कुपन. प्रत्येकाला आठवड्याला अशी सातच कुपने द्यावीत, नोंदीसोबत एक घ्यावे आणि तोच आकडा पुन्हा आल्यास नाकारावा. त्या बदल्यात पैशाचे कुपनही आंधळ्या सहीनेच द्यावे, म्हणजे पुढे सभासद रिचार्जसाठी आपला नंबर घेऊन आला तरी पैसे कोणत्या फेरीचे हे उघड होत नाही.

निपाणीकर:
सकाळी नोंद आणि पाच मिनिटांत रिचार्ज झाले, तर वेळेवरूनच जोडी जुळते. कुपने महिनाअखेरीस वटवावीत. नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच मागवू नयेत, तिथे नंबर आयताच दिसतो.

घाटमाथा:
माझी शंका वेगळी आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख मोबाइलधारकांपैकी सुमारे ९५ टक्के जण ठिकाण आणि वेळ यांच्या अवघ्या चार नोंदींवरून वेगळे ओळखता आले. पहाटे साडेचारला कणकुंबीहून दुधाचे कॅन घेऊन निघणारी गाडी एकच असेल, तर नाव हवे कशाला? फेरीचा पहिला आणि शेवटचा किलोमीटर मोबाइलवरच कापावा, वेळेऐवजी फक्त आठवडा नोंदवावा आणि सलग मार्गाऐवजी शंभर मीटरचे सुटे तुकडे मागेपुढे पाठवावेत. खड्ड्याला घड्याळाशी काय देणेघेणे?

खानापूरकर:
दुधाची तशी गाडी आमच्या सभासदांत खरोखरच आहे. मात्र तुकडे सुटे आले, तर पूर्ण फेरी मोजता येणार नाही. म्हणजे मोबदला आणि कुपने तुकड्यागणिक द्यावी लागतील. सातचा आकडा त्या हिशेबाने वाढवतो.