त्या २१ फ्रेम्सचं गणित

काही जण म्हणतात की मारिओ गेम कमीत कमी वेळात संपवण्याच्या (स्पीडरनच्या) रेकॉर्डमध्ये अर्ध्या सेकंदाचा फरक म्हणजे नुसतं नशीब, ग्लिच (गेममधली चूक) वापरला की झालं. नशिबाचं थोडं पटतं, पण 'ग्लिच वापरला की झालं' हे अजिबात नाही. सुपर मारिओ ब्रदर्समध्ये लेव्हल संपली की पुढची लगेच सुरू होत नाही, लेव्हल संपली का हे गेम दर २१ फ्रेम्सनीच (एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा साधारण साठावा भाग) तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदाचे टप्पे. तुम्ही १० फ्रेम्स वाचवल्या आणि तरी त्याच टप्प्यात अडकलात तर फायदा शून्य! फक्त शेवटच्या ८-४ (आठव्या वर्ल्डची चौथी लेव्हल) मध्ये हा नियम नाही, तिथे एकेक फ्रेम मोजली जाते. निफ्टस्की या स्पीडरनरने २०२१ मध्ये ४:५५ (४ मिनिटं ५५ सेकंद) च्या आत पहिल्यांदा रन, म्हणजे अख्खा गेम, पूर्ण केला आणि २०२३ मध्ये ४:५४.६३१ केला, त्यात मुख्य कमाई ४-२ मधल्या अशाच एका टप्प्याची होती.

आता लेव्हलच्या शेवटी असलेल्या झेंड्याचा ग्लिच घ्या. खांबाखाली जो ठोकळा असतो ना, त्यात मारिओला उडी मारून अर्धवट घुसवायचं, मग झेंडा खाली उतरायची वाटच बघावी लागत नाही, मारिओ सरळ किल्ल्याकडे चालायला लागतो. मी मे महिन्यात रोज तासभर फक्त १-१ चा शेवट घोटला, डाव्या अंगठ्याला घट्टा पडला, आणि तिसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा झेंडा वरच राहिलेला दिसला तेव्हा अक्षरशः ओरडलो. हे स्पीडरनर लोक असं भर रनमध्ये न चुकता करतात, त्याला कौशल्य नाही तर काय म्हणायचं?