पाचवीतल्या पोराच्या कानात इअरफोन दिला तर बिघडलं काय?

इंदिरानगरची आई
काल इथे एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं, "वाचता येत नसेल तर वाचायला शिकवा. मोबाइल वाचून दाखवायला लागला की पोरं आळशी होतात. आमच्या साठ-साठच्या वर्गात सगळी वाचायला शिकली." तेव्हापासून डोक्यात तेच आहे.

सगळी नाही शिकली, गुरुजी. जी नाही शिकली ती सातवीत गळाली. पटावरून नाव गेलं की मग कोण मोजतं? १९९५ च्या अपंग कायद्यात या मुलांचा उल्लेखही नव्हता. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, तेव्हा कुठे अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी असूनही वाचन-लेखन जमायला होणारा त्रास, त्यात बसली.

माझा मुलगा पाचवीत आहे, त्याच्याकडे याच अक्षमतेचं प्रमाणपत्र आहे. 'शेतकऱ्याने' आलं की बोट 'ऱ्या'खाली थांबतं. पुन्हा 'शे-त-क' पासून सुरुवात. तोवर ओळीचा अर्थ निसटलेला असतो. तोच धडा मोबाइलवर हळू वेगात लावला, एका कानात इअरफोन, बोट पुस्तकावर, की संपल्यावर विचारतो, "आई, पण त्याने बैल विकलाच का?" वर्गात हा प्रश्न त्याला कधी पडला नाही, कारण तो त्या ओळीपर्यंत पोचतच नव्हता. शाळा म्हणते, एकाला दिलं तर सगळी मागतील. अहो, दहावीला बोर्ड याच मुलांना जादा वेळ देतं, लेखनिक देतं. मग पाचवी ते नववी त्यानं काय करायचं?

पेठचा मास्तर
ताई, तुमच्या पोराबद्दल काही म्हणणं नाही. पण शाळा म्हणजे फक्त इंदिरानगर नव्हे. माझी द्विशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी. एक जण मीटिंगला गेला की चारही वर्ग दुसऱ्याच्या अंगावर. देणगीत टॅब आले, दीड वर्षात चार्जर गेले, आता कपाटात आहेत. रेंज हवी तर शाळेमागच्या टेकडीवर चढायचं. आणि प्रशिक्षणात आम्हाला ऐकवतात, कुणी बघून शिकतं, कुणी ऐकून, त्याप्रमाणे शिकवा. २००८ मध्ये पॅशलर आणि तीन मानसशास्त्रज्ञांनी यावरचे अभ्यास तपासले. तसं वेगवेगळं शिकवल्यानं फायदा होतो, याला पुरेसा पुरावा सापडला नाही. यंत्र नको, मला माणूस द्या.

इंदिरानगरची आई
माझा मुलगा 'ऐकून शिकणारा' आहे असं मी कुठे म्हटलं? त्याला अक्षरं लावायला त्रास होतो, तपासून झालेलं निदान आहे. दोन्ही गोष्टी एकाच पोत्यात भरू नका.

सातपूरचा बाप
माणूस आहे की! तो मतदार याद्या घेऊन दारोदार फिरतोय. मुलीच्या शाळेत ऑगस्टमध्ये गणिताचा तास आठवड्यातून दोनदा झाला. बाई वर्गात असतात तेव्हाही मोबाइलवर माहिती भरत असतात, आणि मुलं वह्या उघडून बसलेली. शाळेत तंत्रज्ञान आलंय ते हेच.

पेठचा मास्तर
आम्ही हौसेनं भरतो का? शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ वाचा. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं काम देता येत नाही. निवडणुकीची पळवाट वर्षभर उघडी. खिचडीची माहिती, शिष्यवृत्ती, आधार, सगळं आमच्याच फोनवर, आमच्याच रिचार्जवर.

सातपूरचा बाप
पगार घेता ना? मी बारा तास मशीनवर उभा असतो, रिचार्ज मीही माझाच मारतो.

पेठचा मास्तर
पगार काढलात म्हणून सांगतो. गेल्या पावसाळ्यात नाल्याला पाणी होतं तेव्हा चार पोरांना खांद्यावरून पलीकडे नेलंय. त्याचा रकाना कुठल्याच ॲपमध्ये नाही. बोलताना तोंड सांभाळा.

नाशिकरोडकर
भांडण बाजूला ठेवा, मूळ गोष्ट राहिली. मी दृष्टिहीन आहे, एनव्हीडीए हे स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर वापरतो. फुकट आहे, मराठी वाचतं. तरी कॉलेजात निम्म्या नोट्स मला वाचता आल्या नाहीत, कारण त्या श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या किंवा स्कॅन करून फोटो केलेल्या. कानात नुसता कचरा ऐकू यायचा. युनिकोडमध्ये टाइप केलं असतं तर एक पैसा लागला नसता. रोज रात्री बहीण वाचून दाखवायची. तिची बारावी होती त्या वर्षी. मास्तर, माणूस हवाच. पण प्रत्येकाला बहीण नसते.

पेठचा मास्तर
फॉन्टचं खरं आहे. आमच्या केंद्रातल्या प्रश्नपत्रिका अजून तशाच येतात.

आणि लपवत नाही, मोबाइल मीही वापरतो. पोरं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, पुस्तकातली मराठी पहिलीत त्यांना परकी. एका आजीकडून तीन गोष्टी कोकणा बोलीतून रेकॉर्ड केल्या. रेंज लागत नाही, ब्लूटूथ स्पीकरवर लावतो. पहिल्या दिवशी एक मुलगी, जून ते दिवाळी तोंड न उघडलेली, आजीच्या आधी पुढचं वाक्य बोलली. याला तंत्रज्ञान म्हणायचं तर म्हणा. टॅबला माझा विरोध कायम.

निवृत्त गुरुजी, पंचवटी
वाचायला शिकवलंच पाहिजे, यावर मी ठाम आहे. ऐकवून ते काम सुटत नाही. मात्र पाचवी ते नववीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, हे मान्य करतो. "सगळी शिकली" हे मी घाईत लिहिलं. दोघा-तिघांना मी बाकावर उभं केलेलं आठवतंय.

इंदिरानगरची आई
शिकवणं मीही सोडलेलं नाही, गुरुजी. रोज वीस मिनिटं जोडाक्षरं घेते. शनिवारी पालकसभा आहे, तिथे इअरफोनबद्दल लेखी मागणार आहे. तुम्ही येऊन दोन शब्द बोलाल का? मुख्याध्यापक माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील.

सातपूरचा बाप
कलम २७ चा अर्ज कुणाकडे द्यायचा, तेही कुणीतरी सांगा.